गोरक्षणातील नत्राचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या गतकार्याचे स्मरण होते, देणगीदारांचे ऋण मानले जाते आणि पुढील वाटचालीचे संकल्प केले जातात. हे सर्व उचितच आहे. परंतु व्यापारी समाजात आणखी एक रीत आहे. दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी जुन्या वहीचा ताळेबंद मिळवून पाहिला जातो. जे आले ते किती, गेले ते किती आणि शिल्लक कोठे आहे, हे कळल्याविना नवी वही उघडत नाहीत. जीवदयेच्या कार्यातही ही शिस्त असावी, या हेतूने आजचा विषय निवडला आहे. विषय आहे गोरक्षणातील शेण व गोमूत्र यांचा, आणि त्यातून जमिनीला मिळणाऱ्या नत्राचा हिशेब.

विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा आहे. वणी, पांढरकवडा, राळेगावपासून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडपर्यंत बाजारपेठेचे भले-बुरे कपाशीवर ठरते. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला तर दुकानाच्या गल्ल्यात येतो. त्या शेतकऱ्याला खताचा खर्च, कर्ज आणि नापिकी यांनी कसे ग्रासले, हे येथे कोणाला सांगावयास नको. दुसऱ्या बाजूस गोरक्षण संस्था आहेत. भाकड गाई, म्हातारे बैल, कारवाईत सुटून आलेली जनावरे यांची संख्या वाढत असते. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल व वळू यांनाही लागू झाला, तेव्हापासून हा भार अधिक जाणवतो. एकीकडे खत नाही म्हणून खंगणारी जमीन आणि दुसरीकडे शेणाचे ढीग, असे हे चित्र आहे. या दोहोंची सांगड घालावी असे प्रत्येक जण म्हणतो. पण नेमकी किती सांगड घालता येईल, हे आकड्यांनीच सांगितले पाहिजे.

गाय नत्र निर्माण करीत नाही

प्रथम मूळ सिद्धांत पाहू. नत्र म्हणजे नायट्रोजन. हवेत तो सुमारे ७८ टक्के आहे, पण पिकाला तो हवेतून थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू तो हवेतून ओढून घेतात, किंवा कारखान्यात त्याचा युरिया होतो. प्राण्याच्या शरीरातील नत्र चाऱ्यातील प्रथिनांतून येते. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नत्र असते, म्हणून प्रथिनाचे वजन ६.२५ ने भागले की नत्राचे वजन मिळते. नत्र मोजण्याची जी पद्धत जगभर वापरली गेली, ती डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली शोधली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गाय ही नत्राची टांकसाळ नव्हे. ती अडत्यासारखी आहे. माल एका हाताने घेते आणि दुसऱ्या हाताने देते. चाऱ्यातून जितके नत्र पोटात गेले, त्यातील काही दुधात उतरते, काही वाढत्या वासराच्या अंगी लागते आणि उरलेले सर्व शेण व मूत्र यांतून बाहेर येते. दूध न देणाऱ्या, वाढ पूर्ण झालेल्या जनावराच्या बाबतीत तर हिशेब फारच सोपा आहे. जमा तितकेच खर्च. बाजरीचे पीठ देणारी गिरणी बाजरी पिकवीत नाही, तसेच हे आहे.

अंदाज करण्याच्या तीन रीती

एका जनावरापासून किती नत्र मिळते, हे ठरविण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत प्रत्यक्ष तोलण्याची. सलग काही दिवस ठरावीक जनावरांचे शेण गोळा करून काट्यावर तोलावे व सरासरी काढावी. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या गावठी किंवा गवळाऊ वळणाच्या जनावराचे शेण दिवसाला साधारण १० ते १५ किलो भरते. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि नत्राचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के धरले जाते. या रीतीचा दोष असा की शेण तोलता येते, मूत्र मात्र जमिनीत मुरून जाते.

दुसरी रीत वजनावरून अंदाज करण्याची. जनावराला काट्यावर चढविण्याची गरज नाही. कापडाच्या दुकानातला साधा टेप पुरतो. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. आलेले उत्तर म्हणजे किलोमधील वजन. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असेल तर वजन सुमारे २७३ किलो येते. हवामान बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने २००६ साली जे मार्गदर्शक आकडे दिले, त्यांत आशियातील दुभत्या गाईसाठी दर हजार किलो वजनामागे दिवसाला ०.४७ किलो आणि इतर गोवंशासाठी ०.३४ किलो नत्र धरले आहे. या हिशेबाने २७० किलोच्या भाकड जनावरापासून दिवसाला सुमारे ९२ ग्रॅम नत्र बाहेर पडावे.

तिसरी रीत वहीखात्याची, आणि तीच सर्वांत विश्वासार्ह. गव्हाणीत काय पडले ते लिहावे. समजा, अशा जनावराला दिवसाला कोरड्या वजनाने ६ किलो चारा मिळतो. त्यात ४ किलो ज्वारीचा कडबा, दीड किलो हिरवा चारा आणि अर्धा किलो सरकी ढेप. कडब्यात प्रथिने साधारण ४ टक्के, म्हणजे १६० ग्रॅम. हिरव्या चाऱ्याच्या कोरड्या वजनात ८ टक्के, म्हणजे १२० ग्रॅम. सरकी ढेपेत २२ टक्के, म्हणजे ११० ग्रॅम. एकूण ३९० ग्रॅम. त्याला ६.२५ ने भागले की ६२ ग्रॅम नत्र येते. जनावर दूध देत नाही, वाढत नाही, म्हणून हे ६२ ग्रॅम शेण-मूत्रातून बाहेर पडलेच पाहिजे. शेण १२ किलो भरले तर त्यातील नत्र ३६ ग्रॅम. उरलेले २६ ग्रॅम मूत्रात. जे तोलता येत नव्हते ते वजाबाकीने सापडले.

आता ९२ आणि ६२ यांत फरक का पडला? कारण तयार आकडा सरासरी जनावराचा असतो, आणि गोरक्षणातील जनावर कडब्या-कुटारावर जगते. चारा हलका तर शेणही हलके. परराज्यातून किंवा परदेशातून आलेले आकडे आपल्या गव्हाणीला जसेच्या तसे लावू नयेत, हा यातील धडा.

याउलट दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईचे पाहा. ती कोरड्या वजनाने सुमारे १२ किलो सकस चारा-खुराक खाते. त्यात १३ टक्के प्रथिने धरली तर २५० ग्रॅम नत्र पोटात जाते. दुधात उतरते सुमारे ५२ ग्रॅम. उरलेले १९८ ग्रॅम शेण-मूत्रात जाते. म्हणजे उत्तम दुभत्या गाईच्याही खुराकातील नत्राचा जेमतेम पाचवा हिस्सा दुधात येतो, बाकी चार हिस्से गोठ्याच्या जमिनीवर पडतात. अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या २००५ च्या मानकात तेथील दुभत्या गाईमागे दिवसाला ६८ किलो शेण-मूत्र आणि ४५० ग्रॅम नत्र धरले आहे. तेथील एक गाय आणि येथील सात भाकड जनावरे या बाबतीत सारखीच भरतात.

शंभर जनावरांचा ताळेबंद

आता १०० भाकड जनावरांच्या एखाद्या गोरक्षणाचा वार्षिक हिशेब मांडू.

शेण दररोज १,२०० किलो, म्हणजे वर्षाला ४३८ टन. शेणातील नत्र १,३१४ किलो. मूत्रातील नत्र ९४९ किलो. एकूण २,२६३ किलो.

युरियाची गोणी ४५ किलोची असते व त्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे शंभर जनावरांपासून वर्षाला सुमारे १०९ गोण्या युरियाइतके नत्र मिळते. लक्षात ठेवण्यास सोपे सूत्र असे की एक भाकड जनावर म्हणजे वर्षाला युरियाची जेमतेम एक गोणी.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. युरियाची अनुदानित किंमत गोणीला २६६ रुपये ५० पैसे आहे. त्या भावाने १०९ गोण्यांचे मोल होते सुमारे २९ हजार रुपये. आता खर्चाची बाजू पाहा. राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. तेवढाच खर्च धरला, तरी शंभर जनावरांचे वर्षाचे होतात १८ लाख २५ हजार रुपये. नत्राच्या किमतीतून त्याचा साठावा हिस्साही निघत नाही.

‘शेणावर गोरक्षण स्वयंपूर्ण होईल’ असे जे वाक्य अनेक व्यासपीठांवरून ऐकू येते, त्याची सत्यता या हिशेबात कळते. शासकीय अनुदान नसते तर युरियाची किंमत कितीतरी पट अधिक असती, हे खरे. शेणखतात स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्येही असतात, हेही खरे. सर्वांत मोठे मोल सेंद्रिय कर्बाचे आहे. काळ्या भारी जमिनीला भुसभुशीत ठेवणे, पावसाचे पाणी धरून ठेवणे हे काम युरियाची गोणी करू शकत नाही. या सर्वांचे मोल धरूनही भाकड जनावराचा खर्च शेणातून निघेल अशी आशा बाळगणे व्यवहाराला धरून नाही. आणि तशी आशा बाळगण्याचे कारणही नाही. दया हा धंदा नव्हे. ज्या जीवाने उपयोगिता गमावली, त्याला सांभाळणे म्हणजेच जीवदया. खर्च निघत असता तर तो जीव गोरक्षणात आलाच नसता. म्हणून दानाची गरज शेणाच्या आकड्याआड लपवू नये. देणगीदारापुढे खरा हिशेब ठेवावा. आणि दानातून पोसलेल्या जनावराचे शेण मात्र एक पाटीही वाया जाऊ देऊ नये.

गळती कोठे होते

वाया जाणे ही खरी समस्या आहे. व्यापारात नफा खरेदीत असतो, तसा खतात तो साठवणुकीत असतो.

मूत्रातील नत्र बहुतांशी युरियाच्याच रूपात असते. गोठ्यात ते शेणात व मातीत मिसळताच तेथील जीवाणूंच्या क्रियेने काही तासांत त्याचा अमोनिया होऊ लागतो. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबणारा जो उग्र दर्प येतो, तो उडून जाणाऱ्या नत्राचाच. उघड्या उकिरड्यावर ऊन लागते, पावसात रस वाहून जातो. कच्च्या गोठ्यात मूत्राचा चौथा हिस्सा हाती लागला आणि उकिरड्यावरील शेणाचे अर्धे नत्र टिकले असे धरले, तरी वरील २,२६३ किलोंपैकी शेतापर्यंत सुमारे ९०० किलोच पोहोचते. उरलेल्या सुमारे १,३५० किलोंची वाट हवेत किंवा नाल्यात. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर त्यातील नत्र पूर्णच गेले.

ही गळती थांबविण्याचे उपाय खर्चिक नाहीत. कपाशी हे तर आपल्याच परिसरातील पीक, आणि याच पिकासाठी इंदूरला १९२४ साली संशोधन संस्था उभी राहिली. तेथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासमवेत कंपोस्टची पद्धत बसविली आणि १९३१ साली दोघांनी ती ग्रंथरूपाने मांडली. त्या पद्धतीत जनावरांच्या पायांखाली माती पसरावी, मूत्राने भिजलेली ती माती ठरावीक काळाने काढून कंपोस्टमध्ये घालावी, असे सांगितलेले आहे. सोयाबीनचे कुटार, तुरीचा भुसा किंवा कोरडी माती यांचा थर गोठ्यात रोज पसरला तर मूत्र त्यात शोषले जाते. शेणाचा ढीग सावलीत ठेवून मातीने झाकला तर अमोनिया दबून राहतो. गोबर गॅसच्या संयंत्रात शेण टाकले तर इंधन मिळते आणि मळीत नत्रही टिकून राहते. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो.

इतक्याने गळती एक-तृतीयांशावर आली, तर १,५०० किलो नत्र हाती राहील. म्हणजे ६०० किलो अधिक. कोरडवाहू संकरित कपाशीला हेक्टरी साधारण ६० किलो नत्र लागते. त्या मानाने ही वाढ १० हेक्टर, म्हणजे २५ एकर कपाशीची होते. सेंद्रिय नत्र पहिल्याच वर्षी पूर्ण लागू पडत नाही, ते दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटते, हे लक्षात घेऊनही ही जमा लहान नाही.

पुसदची देणगी

या विषयात आपल्या जिल्ह्याचे नाव साऱ्या देशात पोहोचविणारे पुरुष पुसदचे होते, याचा आपणांस अभिमान वाटावा. गांधीविचाराचे कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप खत ही पद्धत ओळखली जाते. ज्या पुसद तालुक्याने वसंतराव नाईक यांच्या रूपाने १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याला मुख्यमंत्री दिला आणि ज्यांच्या काळात संकरित ज्वारी व रासायनिक खते घरोघरी पोहोचली, त्याच भूमीतून सेंद्रिय खताची ही सोपी रीत निघावी, हा मोठा योग म्हटला पाहिजे.

नाडेप टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. विटांच्या भिंतीत हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवतात. आतून शेणमातीने लिंपतात. मग काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर ४ किलो शेण पाण्यात कालवून केलेला सडा, त्यावर चाळलेल्या कोरड्या मातीचा थर, असे थरावर थर रचून वर मातीने बंद करतात. एका टाक्याला सुमारे १,४०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण, १,७५० किलो माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते.

येथेही वहीखाते मांडून पाहू. शेण १०० किलो, त्यातील नत्र ३०० ग्रॅम. काडीकचऱ्यात ०.७ टक्के धरले तर सुमारे १० किलो. मातीतील सुमारे ९०० ग्रॅम. एकूण ११ किलोंच्या आसपास. ३ टन खताला हे ०.३७ टक्के पडते. माहितीपत्रकांत अर्धा ते दीड टक्का नत्र सांगितलेले असते. दीड टक्का म्हणजे ४५ किलो. जमेला ११ असताना नावे ४५ कसे निघणार? धैंचा, ताग, गिरिपुष्प यांचा हिरवा पाला भरला, तर प्रमाण नक्कीच वाढेल. नुसत्या पऱ्हाटी-तुराट्यांवर ते येणार नाही.

यामुळे नाडेप काकांचे मोठेपण उणे होत नाही, उलट ते नेमके कशात आहे हे कळते. त्यांच्या टाक्यात शेण हे विरजण आहे. दूध काडीकचऱ्याचे. बांधावर जाळून टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यातील १० किलो नत्र केवळ १०० किलो शेणाच्या विरजणाने जमिनीकडे परत वळते, हे त्या पद्धतीचे यश. आणि म्हणूनच एका जनावराच्या वर्षभराच्या शेणावर ऐंशी ते शंभर टन खत करता येते, हा त्यांचा हिशेब वजनाच्या दृष्टीने खरा ठरतो. मात्र मर्यादा शेणाची नसून काडीकचऱ्याची आहे. शंभर जनावरांचे सर्व शेण टाक्यांत घालायचे तर चार हजारांहून अधिक टाकी आणि सहा हजार टन काडीकचरा लागेल. गोरक्षणाजवळच्या शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या न जाळता त्यांचे तुकडे करून आणून द्याव्यात आणि बदल्यात खत न्यावे, ही देवघेव त्यातून सुचते.

जीवामृताविषयी दोन शब्द

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांना नैसर्गिक शेतीच्या प्रसारासाठी २०१६ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांचा २०२५ साली तोच सन्मान झाला. या दोघांनी हजारो शेतकऱ्यांना कर्जाच्या खतापासून दूर जाण्याचे धैर्य दिले.

जीवामृतात एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ व बेसन घालतात. त्यातील नत्र सर्व मिळून १५० ग्रॅमच्या आसपास भरते. हंगामात सहा वेळा दिले तरी एक किलो होत नाही. कपाशीला लागतात एकरी सुमारे २४ किलो. यावरून जीवामृत निरुपयोगी ठरत नाही. त्याचे पुरस्कर्तेही ते खत नसून जीवाणूंचे संवर्धन आहे असेच सांगतात. मग पिकाचे नत्र कोठून येणार? आंतरपिकातील तूर-मूग-चवळी, हिरवळीचे खत आणि पालापाचोळा यांतून. जो शेतकरी हे दुसरे काम न करता केवळ जीवामृतावर विसंबेल, त्याचे उत्पन्न घटेल आणि दोष गाईला लागेल. अर्धे सांगणे हेही असत्याच्या जवळ जाते, म्हणून हे स्पष्टीकरण.

चाऱ्याचा हिशेब न करता गाय दिली तर काय होते, याचा अनुभव विदर्भाने घेतला आहे. २००६ साली पंतप्रधानांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुभती जनावरे देण्याची योजना होती. ज्यांच्याकडे पाणी व चारा नव्हता, अशा अनेकांना ती महागडी जनावरे पोसणे जमले नाही. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन आले, कडबा कमी झाला, आणि गव्हाण रिकामी असताना गोठा भरण्याचा तो प्रयत्न होता.

अतिरेकाचीही बाजू

नत्र थोडे असले तर जमीन उपाशी, अधिक झाले तर पाणी विषारी. युरोपात १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार हेक्टरी १७० किलोंहून अधिक शेणखताचे नत्र टाकण्यास मर्यादा घातली गेली. नेदरलँड्समध्ये गाई फार आणि जमीन थोडी. तेथे १९९८ साली शेतकऱ्यांना नत्र-स्फुरदाचे जमाखर्च खाते ठेवणे सक्तीचे झाले. खुराकातून किती आले, दुधातून किती गेले, उरले त्यावर दंड. ती पद्धत २००६ साली बंद होऊन दुसरे नियम आले, पण शेतकऱ्याने नत्राची वही लिहावी ही कल्पना बोध घेण्याजोगी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नाही असे समजू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांत यवतमाळचेही नाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे, आणि त्याहून अधिक पाणी तान्ह्या मुलांना घातक ठरते. गोरक्षणाची विहीर आणि शेणाचा ढीग एकमेकांलगत असतील तर ते पाणी तपासून घेणे हे कर्तव्य आहे.

मलमूत्र जीवजंतुरहित जागी, इतर जीवांना बाधा न होईल असे विसर्जित करावे, ही उत्सर्ग समितीची शिकवण साधूंसाठी आहे. तिच्यातील यतनेचा भाव गोरक्षणालाही लागू पडतो. उघड्या शेणावर माशा बसतात, अळ्या होतात, पुढे ढीग उपसताना त्यांची हिंसा घडते. ताजे शेण त्याच दिवशी मातीने झाकले तर ही जीवोत्पत्तीच टळते. नत्रही वाचते, विहीरही वाचते.

पुढील कार्य

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जिल्ह्यातील गोरक्षणांना साहाय्य करणाऱ्या संस्थांपुढे चार सूचना ठेवाव्याशा वाटतात.

१. प्रत्येक गोरक्षणात नत्राची वही असावी. तिच्यात जनावरांची संख्या, चाऱ्याचा प्रकार व वजन, आणि महिन्यातून तीन दिवस तोललेले शेण, एवढ्या नोंदी पुरेत.

२. वर्षातून एकदा तयार खताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. विकताना पावतीवर नत्राचे प्रमाण लिहावे. कापडावर जसा पन्ना आणि वाराचा भाव लिहिलेला असतो, तशीच ही खरेपणाची खूण.

३. देणगी केवळ चाऱ्यासाठी न मागता गोठ्याचा उतार, मूत्राची नाली, सावलीतील खतखड्डा आणि टाकी यांसाठीही मागावी. चाऱ्याचे दान त्या दिवसापुरते असते, नालीचे दान वर्षानुवर्षे चालते.

४. खत देताना ज्या शेतकऱ्याची जमीन लहान आणि कर्ज मोठे, त्याला अग्रक्रम द्यावा. पैशाऐवजी कडबा-कुटार घेऊन खत देण्याची सोय ठेवावी. जमिनीचे नत्र चाऱ्यातून गोरक्षणात आले, ते जमिनीकडेच परत जावे.

२०१९ च्या पशुगणनेत राज्यातील गोवंश सुमारे १ कोटी ३९ लाखांवर आला, २०१२ च्या मानाने सुमारे १० टक्क्यांनी घटला. शेतातील गोठे रिकामे होत आहेत आणि गोरक्षणे भरत आहेत. पूर्वी शेण गावभर विखुरलेले होते, आता ते एका जागी साचत आहे. विखुरलेले होते तेव्हा प्रत्येक शेतकरी त्याचा मालक होता. साचले तेव्हा त्याची जबाबदारी विश्वस्तांवर आली. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याचे धन सांभाळणारा. पैशाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जातोच. शंभर जनावरांमागे वाया जाणाऱ्या तेराशे-चौदाशे किलो नत्राचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो स्वतःहून लिहिला जावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.